लायपोसक्शनमध्ये रक्त किती जातं? फोंड्याच्या एका ताईंना भूलतज्ज्ञाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. फोंड्याच्या एक ताई, वय 38, उंची 158 सेंटीमीटर, वजन 74 किलो, दोन्ही बाळंतपणं सिझेरियनची. पोट, कंबर, मांड्या आणि दंड एकाच दिवशी लायपोसक्शननं, म्हणजे कातडीखालची चरबी नळीनं ओढून, करून देतो, सहाएक लिटर निघेल, सकाळी या आणि संध्याकाळी घरी जा, असं त्यांना सांगितलं गेलंय. 'रक्ताचा थेंबही जात नाही' हेही सांगितलंय. हिमोग्लोबिन 10.2 आहे, पाळीला रक्त जास्त जातं, यजमान घाबरलेत आणि ताईंना सगळं चतुर्थीच्या आधी उरकायचंय. रक्त नक्की किती जातं, बाहेरचं रक्त चढवावं लागेल का, आणि एवढं एकदम करणं बरं का, हे त्यांना हवंय.

ताई, आधी माझी बाजू सांगतो. मी सर्जन नाही, भूल देणारा डॉक्टर आहे. गेली चोवीस वर्षं पेडण्यापासून काणकोणपर्यंत वेगवेगळ्या ऑपरेशन थिएटरांत उशाशी बसून काढलीत. सर्जनची नजर पोटाच्या आकारावर असते. माझी सक्शनच्या बाटलीवर, मॉनिटरवर आणि लघवीच्या पिशवीवर. त्यामुळे मी सांगेन त्यात सौंदर्य कमी आणि मोजमाप जास्त असेल.

'थेंबही जात नाही' हे खोटं आहे. पण ते कुठून आलं, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यात अर्धं खरं दडलेलं आहे.

चरबी उपसून काढायची कल्पना जुनी. 1920च्या दशकात पॅरिसमध्ये एका सर्जननं एका नर्तकीच्या पायावरची चरबी गर्भाशय खरवडायच्या धारदार अवजारानं काढायला घेतली. रक्तवाहिनीला इजा झाली, पाय सडला आणि कापावा लागला. पुढे बरीच वर्षं कुणी त्या वाटेला गेलं नाही. 1970च्या दशकात रोमला फिशर पिता-पुत्रांनी आणि 1977 च्या सुमारास पॅरिसला इलूझ यांनी पोकळ नळी आणि सक्शन वापरायला सुरुवात केली. इलूझ यांची नळी टोकाला बोथट होती. बोथट नळी नसा आणि शिरा बाजूला सारत जाते, कापत नाही. तरीही सुरुवातीला नुसतीच नळी घालून ओढायचे तेव्हा बाटलीत जे जमायचं त्यातलं 20 ते 45 टक्के रक्त असायचं. म्हणजे तीन लिटर काढलं तर सहाशे ते साडेतेराशे मिलिलिटर रक्त. त्या काळात अशा पेशंटला एखाद-दोन पिशव्या रक्त चढवणं नित्याचं होतं.

मग 1987 मध्ये कॅलिफोर्नियातल्या जेफ्री क्लाइन या त्वचारोगतज्ज्ञानं एक साधी युक्ती मांडली. आधी चरबीत भरपूर सलाईन भरायचं, त्यात थोडं लिग्नोकेन, थोडं अॅड्रेनलिन आणि सोडाबायकार्ब मिसळायचं, आणि मग ओढायचं. लिग्नोकेननं दुखणं मरतं, सोड्यानं त्या औषधाची चुरचुर कमी होते आणि अॅड्रेनलिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात. एक लिटर सलाईनमध्ये अॅड्रेनलिनचं एकच मिलिग्रॅम, म्हणजे दहा लाखांत एक भाग, पण काम जबरदस्त करतं. जेवढं काढायचं साधारण तेवढंच पाणी आधी भरलं, तर बाटलीत येणारं रक्त एक टक्क्याच्या आसपास उतरतं. तीन लिटरला तीसएक मिलिलिटर. 'थेंब जात नाही'चा उगम हा. बाटलीपुरतं ते जवळपास खरंही आहे.

आता अट ऐका. अॅड्रेनलिनला वेळ लागतो. पाणी भरून झाल्यावर मी घड्याळ लावतो, वीस ते तीस मिनिटं. पोटाची कातडी हळूहळू पांढुरकी, गार आणि कडक होत जाते. कोंबडीच्या पिसं काढलेल्या कातडीसारखी बारीक खडबडीत दिसते. तसं दिसल्यावरच नळी आत जावी. ज्या थिएटरात दिवसाला चार केस उरकायच्या असतात तिथे ही वीस मिनिटं पहिल्यांदा कापली जातात. मी तेव्हा काही बोलत नाही. घड्याळाकडे बोट दाखवतो.

बाटली कशी वाचायची तेही सांगतो, कारण ताई, ही माझी रोजची पोथी आहे. काढलेला ऐवज थोडा वेळ स्थिर ठेवला की त्याचे थर होतात. वर पिवळीधमक चरबी, लोण्याच्या गोळ्यांसारखी. खाली पाणी. त्या पाण्याचा रंग बघायचा. पातळ कोकम सरबतासारखा गुलाबी असेल तर मी खुशाल आहे. तो गडद होत होत कोकमाच्या आगळासारखा झाला की त्या जागेवरचं काम थांबवायला सांगतो, दुसरीकडे जा म्हणतो. पाठीचा वरचा भाग, कंबरेच्या कडा, पुरुषांची छाती आणि आधी एकदा लायपोसक्शन झालेली जागा इथे आगळ लवकर दिसतं, कारण तिथली चरबी तंतूंनी घट्ट विणलेली असते.

डोळ्यांवर भरवसा नको म्हणून खालच्या पाण्याचं हिमॅटोक्रिटही, म्हणजे शंभर भागांत लाल पेशी किती, हे मोजता येतं. समजा खाली दोन लिटर पाणी जमलंय, त्याचं हिमॅटोक्रिट 2 आलं आणि पेशंटचं स्वतःचं 36 आहे. दोन हजार गुणिले दोन, भागिले छत्तीस. सुमारे 110 मिलिलिटर रक्त. बारीक काचेची नळी आणि छोटं सेंट्रिफ्यूज असलं की पाच मिनिटांचं काम.

पण हे झालं बाटलीतलं. नळी फिरलेल्या सगळ्या जागेत कातडीखाली एक मोठी ओली जखम तयार होते, बाहेरून दिसत नाही एवढंच. अॅड्रेनलिनचा असर उतरला की त्या जागेत थोडं थोडं रक्त झिरपतं आणि तिथेच राहतं. हातभर निळेजांभळे डाग पडतात ते त्याचंच. दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन केलं तर बाटलीच्या हिशेबापेक्षा जास्त उतरलेलं दिसतं. काही उतार त्या झिरपलेल्या रक्तामुळे, काही भरलेलं पाणी रक्तात शोषलं जाऊन रक्त पातळ झाल्यामुळे. जेवढी जागा जास्त, तेवढी ही आतली जखम मोठी. पोट, कंबर, मांड्या, दंड एकाच दिवशी म्हणजे काय, ते यावरून ओळखा.

आता तुमचा हिशेब करू. 74 किलोच्या, थोड्या स्थूल बाईच्या अंगात साधारण 4,400 मिलिलिटर रक्त धरतो. अपघातात किंवा बाळंतपणात आपण हिमोग्लोबिन 7 पर्यंत आलं तरी कधी कधी रक्त न देता भागवतो, कारण तिथे पर्याय नसतो. हौसेच्या ऑपरेशनात मी मनाशी 9 ची रेघ धरलीय. हा माझा नियम, कुणी जास्त धरील. हिमोग्लोबिन 13 असलेली बाई या रेघेपर्यंत येईतो साडेतेराशे मिलिलिटर रक्त गमावू शकते. 10.2 असलेल्या तुमच्या वाट्याला येतात जेमतेम पाचशे. तेवढंच रक्त, तीच नळी, तोच सर्जन, आणि तुमच्याकडे मोकळीक तिच्या निम्म्याहूनही कमी. सहा लिटर चार जागांवरून काढताना पाचशेचा काठ ओलांडणं अवघड नाही.

म्हणून 'रक्त चढवावं लागेल का' याला माझं उत्तर असं की लागेल अशी शक्यता दिसत असेल तर ते ऑपरेशन त्या दिवशी करूच नये. पोट सपाट करण्यासाठी दुसऱ्याचं रक्त घ्यायचं, हे मला पटत नाही. बांबोळीच्या रक्तपेढीतली पिशवी कुणाच्या तरी अपघातासाठी, थॅलॅसेमियाच्या पोरासाठी लागते.

तुमचं 10.2 का आहे, हे आधी शोधा. पाळीला जास्त रक्त जातं म्हणता, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन सोनोग्राफी करा; गाठी आहेत का, थायरॉइड कसा आहे, बघून घ्या. आणखी एक गोष्ट मी प्रत्येक बाईला विचारतो: वयात आल्यापासूनच पाळी अशी जड आहे का? दात काढला तेव्हा रात्रभर रक्त येत होतं का? सिझेरियनच्या वेळी डॉक्टर काही म्हणाले होते का? यातलं 'हो' आलं तर नेहमीच्या रक्तस्रावाच्या तपासण्यांवर थांबू नका. फॉन विलेब्रँड नावाचा एक जन्मजात दोष असतो, तो साध्या तपासणीत निसटतो, वेगळी टेस्ट करावी लागते. मला एक पेशंट अशी आठवते, वाळपईकडची. तिची आई शेजारून म्हणाली, "आमच्या घरात सगळ्याच बायकांचं असंच, त्यात काय." त्या एका वाक्यावर मी केस पुढे ढकलली आणि रिपोर्टात तेच निघालं.

फेरिटिन करा, अंगातला लोहाचा साठा दाखवणारी ती रक्ताची तपासणी. लोह कमी असेल तर गोळ्या. मी एक दिवसाआड घ्यायला सांगतो, पोट कमी बिघडतं आणि शोषण चांगलं होतं. गोळीवर चहा नको, निदान तासभर. गोळ्या सोसत नसतील तर शिरेतून लोह देता येतं. तीन-चार आठवड्यांत एक-दोन ग्रॅम वाढ दिसायला लागते, पण साठा भरायला महिने जातात. पाळीचं रक्त आवरलं नाही तर मात्र फुटक्या घागरीत पाणी भरण्याचा प्रकार.

इथे चतुर्थीचा विषय येतो. दर वर्षी गणपतीच्या आधी आमच्याकडच्या कितीतरी बायका पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतात. सोवळ्याओवळ्याचा प्रश्न असतो, मी त्यात पडत नाही. पण त्या गोळ्यांतल्या हॉर्मोननं पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. गर्भनिरोधक गोळ्यांचंही तेच, त्या मी चार आठवडे आधी बंद करायला लावतो. आणि बायका या गोळ्या 'औषध' म्हणून सांगतच नाहीत. 'काही गोळ्या चालू आहेत का?' 'नाही.' मग भूल द्यायच्या टेबलावर आठवतं. ताई, चतुर्थीच्या आधी लायपोसक्शन आणि चतुर्थीसाठी गोळ्या, हे दोन्ही एका महिन्यात तर अजिबात नको.

गुठळीवर एवढा भर का देतोय, ते सांगतो. अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांना विचारून ग्रेझर आणि डी याँग यांनी 2000 साली एक पाहणी छापली होती. 4,96,245 लायपोसक्शनमध्ये 95 मृत्यू, म्हणजे साधारण 5,224 मागे एक. त्यात सगळ्यात वरचं कारण होतं पायातली गुठळी सुटून फुप्फुसात अडकणं, 23.4 टक्के. मग पोटाच्या आतड्याला वगैरे भोक पडणं, 14.6 टक्के. रक्तस्राव होता 4.6 टक्के. पाहणी जुनी आहे, त्यानंतर पद्धती सुधारल्या, पण क्रम आजही डोक्यात ठेवण्यासारखा. रक्ताची भीती वाटणं साहजिक आहे, ते लाल असतं, दिसतं. मारणाऱ्या बाकीच्या गोष्टी दिसत नाहीत.

गुठळी टाळायला रक्त पातळ करणारं इंजेक्शन द्यावं, तर जखमेत रक्त झिरपणं वाढतं. ही दोरीवरची कसरत आहे आणि तिचं एकच उत्तर नाही. तुमचं वय, वजन, घरात कुणाला गुठळी झाली होती का, किती तास ऑपरेशन चालणार, याचे गुण मांडून ठरवतो. इंजेक्शन द्यायचं ठरलं तर ते ऑपरेशननंतर काही तासांनी, झिरपणं आटोक्यात आल्यावर. पोटऱ्यांना दाबणारे पंप मात्र टेबलावर सगळ्यांनाच लावायचे आणि संध्याकाळी प्रत्येकाला खाटेवरून उतरवून चालवायचं. कण्हत का होईना, चालायचं.

रक्त कमी जावं म्हणून ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडही देतात. ओळखीचं वाटेल, पाळीत जास्त रक्त गेलं की तुम्हाला देत असतील तीच गोळी, इथे शिरेतून एक ग्रॅम. 1960च्या दशकात जपानच्या उताको ओकामोटो आणि त्यांचे पती यांनी शोधलेलं औषध, स्वस्त आणि गुणी. लायपोसक्शनमध्ये त्यानं रक्त आणि काळेनिळे डाग कमी होतात असं लहान लहान अभ्यासांत दिसलंय आणि माझाही अनुभव तोच. पण ज्यांना पूर्वी गुठळी झालीय किंवा फिट येतात त्यांना नको. आणि ते दिलं म्हणून सहा लिटर चालतील, असा सौदा होत नाही. चरबी आधी अल्ट्रासाउंडनं सैल करणाऱ्या मशीनचंही तसंच. चांगल्या हातात रक्त कमी जातं, पण जाहिरातीत 'लेझर, रक्त नाही, टाके नाही' दिसलं की मी पान उलटतो.

बंद करायच्या गोष्टी: अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन जातीच्या वेदनाशामक गोळ्या, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, लसणाच्या कॅप्सूल, आणि कुणी दिलेले ते चूर्ण-काढे ज्यांच्यात काय आहे ते देणाऱ्यालाही धड माहीत नसतं. आठ-दहा दिवस आधी बंद. हृदयरोगावर डॉक्टरांनी अॅस्पिरिन दिलेलं असेल तर मात्र स्वतःहून बंद करू नका, विचारा. जेवणातला लसूण आणि बांगडा चालू द्या, त्यानं काही होत नाही.

आणि एक खास आपल्या पावसाची गोष्ट. जून ते सप्टेंबर अर्ध्या गोव्याला गजकर्ण झालेलं असतं आणि त्यावर इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल महिना महिना चालू असतात. लिग्नोकेन यकृतात मोडतं, आणि या कॅप्सूल ते काम मंदावू शकतात. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही अँटिबायोटिकही तसंच करतात. म्हणून 'कातडीचं औषध'सुद्धा भूलतज्ज्ञाला सांगायचं.

लिग्नोकेनचा मुद्दा निघालाच आहे तर तुमच्या सहा लिटरचा आणखी एक हिशेब बघा. एरवी इंजेक्शनातून अॅड्रेनलिनसह किलोमागे 7 मिलिग्रॅमच्या वर आम्ही जात नाही. लायपोसक्शनमध्ये ते इतकं पातळ असतं आणि चरबीतून इतकं सावकाश शोषलं जातं की किलोमागे 35 मिलिग्रॅम चालतं, हे क्लाइन यांनी 1990 मध्ये दाखवलं. त्वचारोगतज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेनं तर 55 पर्यंत मुभा दिलीय. मी 35 वर थांबतो. तुमच्या वजनाला 2,590 मिलिग्रॅम. लिटरमागे 500 मिलिग्रॅम धरून सहा लिटर भरले तर झाले 3,000. मर्यादा ओलांडली. पूर्ण भूल दिलेली असेल तर लिग्नोकेनचं प्रमाण कमी करता येतं, आणि ते करतोही, पण ते कुणीतरी आधी कागदावर मांडलेलं असायला हवं.

यातली खरी गोम वेगळीच. हे सावकाश शोषलं जाणारं लिग्नोकेन रक्तात शिखर गाठतं ते दहा-बारा तासांनी. सकाळी दहाला भरलं तर रात्री नऊ-दहाला. त्या वेळी तुम्ही कुठे? फोंड्याला, घरी, अंथरुणावर. ओठांभोवती बधिरपणा, तोंडात धातूची चव, कानात गुणगुण, चक्कर, असंबद्ध बोलणं, ही पहिली लक्षणं. पुढे फिट आणि हृदयाची गडबड. यावर इलाज आहे, वीस टक्क्यांचं लिपिड इमल्शन, म्हणजे स्निग्धाचं दुधाळ सलाईन, शिरेतून, पण ते थिएटरच्या फ्रिजशेजारच्या कपाटात असतं, तुमच्या दिवाणखान्यात नसतं.

आणि त्याच रात्री पाण्याचा खेळही चालू असतो. भरलेल्या सलाईनपैकी साधारण दोन तृतीयांश आतच राहतं आणि रात्रभर हळूहळू रक्तात येतं. सहा लिटर भरलं तर चार लिटर. वरून कुणी 'बीपी कमी वाटतं' म्हणून तीन बाटल्या शिरेतून सोडल्या, तर फुप्फुसात पाणी साठतं. उलट, झिरपणाऱ्या रक्तामुळे खरंच बीपी पडलेलं असेल आणि 'पाणी जास्त होईल' म्हणून हात आखडला तरी पंचाईत. दोन्हीतला फरक कळायला तासाला लघवी किती, नाडी किती, श्वास किती, हे मोजणारी जागी सिस्टर लागते. घरचा माणूस कितीही प्रेमाचा असला तरी त्याला ते जमत नाही. एका वेळी पाच लिटरच्या वर काढायचं असेल तर सोयींनी सज्ज हॉस्पिटलमध्ये करावं आणि रात्रभर देखरेखीखाली ठेवावं, असं अमेरिकन प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेचं मार्गदर्शन आहे. तिथे बाटलीत येणारं सगळंच मोजतात, चरबी आणि पाणी धरून. तुम्हाला सांगितलेले 'सहा लिटर' नुसत्या चरबीचे की सगळ्याचे, हेही विचारून घ्या. नुसत्या चरबीचे असतील तर बाटलीतला आकडा आणखी वर जातो.

एकदा माझ्यावर वेळ आली होती. एका लहान ठिकाणी आयत्या वेळी बोलावलं गेलं. नेहमीचा भूलतज्ज्ञ आला नव्हता. सलाईन गरम करायची सोय नव्हती, एसी अठरावर, बाईच्या अंगावर एक पातळ चादर. अंग गार पडलं की रक्तातल्या प्लेटलेट नीट काम करत नाहीत, गोठणं लांबतं. थंड पाणी चार लिटर भरलं की अंग गार पडणारच. साडेतीन लिटर निघाले, खालचं पाणी आगळाच्या वाटेला लागलेलं, नाडी 98 वरून 124, तापमान 34.8. मी म्हटलं, बस करा. सर्जन म्हणाले, "डॉक्टर, डावी मांडी राहिलीय, दोन्ही बाजू सारख्या नकोत का?" मी म्हटलं, "मांडी पुढच्या महिन्यात सारखी करा." पाचेक मिनिटं आमची चांगलीच जुंपली. शेवटी थांबले. बाईंना रक्त लागलं नाही, दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन 8.6 होतं. त्या ठिकाणी पुन्हा मला बोलावणं आलं नाही, मलाही त्याचं वाईट वाटलं नाही.

सिझेरियनबद्दल थोडं. दोन वेळा उघडलेल्या पोटाच्या भिंतीत कधी कधी कमकुवत जागा राहते. बेंबीजवळ किंवा टाक्याजवळ खोकताना फुगवटा येतो का, ते सर्जननं उभं करून आणि झोपवून तपासायला हवं, शंका असेल तर सोनोग्राफी. अशा जागी आंधळेपणानं नळी गेली तर आतड्याला भोक पडू शकतं, आणि ते टेबलावर कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोट फुगतं, दुखणं वाढत जातं, ताप येतो. तसंच बाळंतपणानं सैल पडलेली कातडी लायपोसक्शननं आवळत नाही. पोटाचा तो भाग कातडी कापून शिवायचा विषय आहे, आणि तो याच दिवशी जोडू नका.

घरी आल्यावर काय बघायचं, हे बहुतेकांना कुणी नीट सांगत नाही. डिचोलीहून एकदा रात्री दीडला फोन आला. "दोतोर, चादर पुराय भिजल्या, रगत वता!" म्हणजे चादर पूर्ण भिजलीय, रक्त जातंय. मी म्हटलं, टॉवेलवर थोडं पुसून उजेडात धरा आणि रंग सांगा. "पातळ गुलाबी." गुठळ्या? नाहीत. नाडी मोजायला लावली, 84. उभ्या राहिल्या तर चक्कर नाही. लघवी दोनदा झालेली. मग मी सांगितलं की हे भरलेलं पाणी बाहेर येतंय, येऊ दे, खाली प्लास्टिक आणि जुने टॉवेल घाला. पहिले एक-दोन दिवस त्या बारीक छिद्रांतून असं पाणी येतंच, बरेच सर्जन ती छिद्रं त्यासाठीच उघडी ठेवतात. घाबरायचं कधी? बाहेर येणारं गडद लाल आणि गुठळ्यांचं असेल, एकाच बाजूला ताणलेली दुखरी सूज वाढत असेल, नाडी स्वस्थ पडूनही 110 च्या वर असेल, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, सहा तासांत लघवी नसेल. धाप, छातीत दुखणं, एकाच पोटरीला सूज, किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गोंधळलेपण आणि छातीवर-काखेत बारीक लाल ठिपके असतील तर फोनाफोनीत वेळ घालवू नका. 108 बोलवा आणि तडक मोठ्या हॉस्पिटलात जा. ते ठिपके चरबीचे कण रक्तात गेल्याची खूण असू शकतात.

घट्ट पट्ट्याचा कपडा पहिल्यांदा काढाल तेव्हा बसून काढा, शेजारी कुणीतरी असू दे. दाब एकदम सुटला की रक्त खाली उतरतं आणि बाई न्हाणीघरात कोसळते. हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता डिस्चार्जच्या कागदावर हातानं लिहून देतो. खायला पहिल्या दिवशी उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून, बरोबर हवं तर लोणच्याची फोड. पाणी भरपूर, पण एकदम घटाघटा नको.

बाहेरगावचे लोक सुट्टी म्हणून येतात, सोमवारी लायपोसक्शन, शनिवारी मोपाहून विमान, मधल्या दिवसांत कळंगुटला समुद्र. त्यांना मी दोन्हीसाठी नाही म्हणतो: जखमा पूर्ण भरेपर्यंत समुद्र नाही, आणि लांबचं विमान दोन आठवडे तरी नाही. तुम्हाला तो प्रश्न नाही, पण फोंड्याचा घरापर्यंतचा प्रवास मधे थांबून, दोन पावलं चालून करा, आणि कदंबा बसनं नको.

सर्जनना भेटाल तेव्हा विचारायला संकोच करू नका: प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी पदवी आहे का, भूलतज्ज्ञ पूर्णवेळ खोलीत असणार का आणि त्यांना आधी भेटता येईल का, रात्री कोण जागं असणार, लिपिड इमल्शन ठेवलंय का, आणि काही बिघडलं तर कुठल्या आयसीयूत नेणार. चांगला सर्जन याला रागावत नाही. रागावला तर तुमचं काम सोपं झालं.

तुमच्या बाबतीत माझा सल्ला असा. चतुर्थीच्या आधी काहीच नको. आत्तापासून पाळीवर इलाज आणि लोह सुरू करा, गणपती नेहमीसारखे बसवा, नेवऱ्या तळा आणि खाही. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास हिमोग्लोबिन 12 च्या पुढे असेल तर पहिल्या खेपेला फक्त पोट आणि कंबर, बाटलीत एकूण तीन-साडेतीन लिटरच्या आत, हॉस्पिटलात एक रात्र मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरी जाण्याआधी हिमोग्लोबिन. मांड्या आणि दंड तीन-चार महिन्यांनी, तेव्हाही नको वाटलं नाही तर. तुमचा बीएमआय 29.6 येतो, मधल्या काळात रोज संध्याकाळी चालून चार-पाच किलो उतरलं तर सर्जनला काढायलाही कमी उरेल.

सोनोग्राफीचा आणि फेरिटिनचा रिपोर्ट आला की कळवा. मागच्या तीन पाळ्यांच्या तारखा आणि दिवसाला किती पॅड लागले, तेही लिहून ठेवा. स्त्रीरोगतज्ज्ञ पहिल्यांदा तेच विचारतील.